घरातल्या जुन्या स्टिरिओवर इंटरनेट रेडिओ कसा ऐकायचा?

इंटरनेट रेडिओ म्हणजे रेडिओ केंद्राचे कार्यक्रम मोबाइल डेटा किंवा वाय-फायवरून ऐकणे. त्यासाठी नवा स्पीकर घ्यायलाच हवा असे नाही. घरातला जुना ॲम्प्लिफायर किंवा म्युझिक सिस्टीमही चालते.

शिरूर-दौंडला याचा उपयोग काय?

ही गावे पुण्यापासून साधारण ६५ ते ८० किलोमीटरवर आहेत. एफएम लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे इतक्या अंतरावर पुण्याची एफएम केंद्रे घरात नीट लागतीलच असे नाही. आकाशवाणी पुणे केंद्राची मध्यम लहर (७९२ किलोहर्ट्‌झ) लांब पोहोचते, पण एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टरमुळे तिच्यात खरखर येते. इंटरनेटवर ही खरखर नसते. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर आकाशवाणीची अनेक केंद्रे मोफत ऐकता येतात.

जोडणी कशी करायची?

- वायरने: एका टोकाला ३.५ मिमी जॅक आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी पिन असलेली वायर घ्या. पिना स्टिरिओच्या मागे 'ऑक्स', 'टेप' किंवा 'सीडी' लिहिलेल्या जागी लावा. 'फोनो'मध्ये लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरसाठी असते आणि तिथे आवाज फाटतो.
- फोनला जॅक नसेल तर: टाइप-सी ते ३.५ मिमी कनेक्टर वापरा.
- वायर नको असेल तर: छोटा ब्लूटूथ रिसीव्हर 'ऑक्स'ला जोडा. घरात तो साधारण १० मीटरपर्यंत चालतो.

फोनचा आवाज बराच वर ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवर करा. फोन चार्जिंगला लावल्यावर घुंऽऽ असा आवाज आला, तर चार्जर काढून पाहा. घरात पडून असलेला जुना फोन यासाठी उत्तम. ऐकताना मध्येच कॉल येत नाही.

डेटा किती लागतो?

१२८ केबीपीएस प्रसारणाला तासाला सुमारे ५८ एमबी, तर ६४ केबीपीएसला सुमारे २९ एमबी. रोज दोन तास ऐकले तरी महिन्याला साडेतीन जीबीच्या आतच भागते.

हे लक्षात ठेवा

इंटरनेटवरचा आवाज काही सेकंद, कधी त्याहूनही उशिरा येतो. त्यामुळे रेडिओच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाइट गेली की स्टिरिओ आणि वाय-फाय दोन्ही बंद पडतात. टॉवरची बॅटरी संपली की मोबाइलचे नेटही जाते. दौंड भीमेच्या काठी, शिरूर घोड नदीच्या काठी. पुण्याकडच्या धरणांतून सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत येते. पावसाळ्यात बातमीची खरी गरज असते, तेव्हाच नेट दगा देऊ शकते. म्हणून गाण्यांसाठी स्टिरिओ खुशाल वापरा, पण मध्यम लहर पकडणारा सेलवरचा ट्रान्झिस्टर भंगारात देऊ नका.