बोट स्वतःच रंगवताय? रोलरने रंग मारायची पद्धत आणि आधी घ्यायची काळजी

धडगाव/अक्कलकुवा : सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. मणिबेली, चिमलखेडी, भुषा अशा नर्मदाकाठच्या पाड्यांना बाजार असो की दवाखाना, बोटीशिवाय भागत नाही. नवापूरकडे उकाईच्या पाण्यावर मासेमारीच्या नावा चालतात. बोटीचा रंग शोभेसाठी नसतो. लाकडात पाणी मुरू नये, पत्रा गंजू नये म्हणून तो असतो. कारागीर पाड्यापर्यंत यायला तयार नसेल तर दोन माणसं मिळून हे काम घरी करू शकतात.

कधी करावं?
होळी झाली की पावसाळ्यापर्यंत. पाणी उतरलेलं असतं, बोट काठावर ओढून उलटी ठेवता येते. पण भर उन्हात रंग मारू नका. मी एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली दुपारी बाराला रंगवली. पत्रा तापलेला, रंग लागताच सुकला, रोलरचे पट्टे तसेच राहिले आणि पहिल्याच पावसात पापुद्रे निघाले. म्हणून सावलीला मंडप घाला, सकाळी दव सुकल्यावर सुरू करा आणि ऊन चढलं की थांबा.

आधी बोट तपासा
लाकडी बोटीच्या फळ्यांना, विशेषतः सांध्याजवळ, पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर फळी कुजली आहे. पत्र्याच्या बोटीवर हातोडीने हलकं ठोका, फायबरच्या बोटीवर नाण्याने. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर तिथे आतून खराबी असू शकते. आधी दुरुस्ती, मग रंग. वरून रंग मारला तर कुजकी फळी फक्त झाकली जाते.

लाकूड कोरडं आहे का हे बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून वाळू द्या.

धुणं आणि घासणं
आधी साबणाने धुवा, मग घासा. उलटं केलं तर डिझेल-ऑइलचा चिकटा घासताना आणखी आत जातो. धुतल्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर बरं, थेंब-थेंब होऊन तुटलं तर तेल बाकी आहे. थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

सुटलेला रंग खरवडून काढा. खरबरीत जागेला 80 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमरच्या आधी 120, शेवटच्या रंगाच्या आधी 220 ते 320. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, लेकरं आणि कोंबड्या लांब ठेवा. निघालेला चुरा ताडपत्रीवर गोळा करा, पाण्यात जाऊ देऊ नका.

रंग कोणता?
एका डब्याचा ऑइल पेंट म्हणजे इनॅमल स्वस्त आणि सोपा. दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग महाग, पण उन्हात जास्त टिकतो. तो घेणार असाल तर आधी थिनरचं फडकं जुन्या रंगावर दहा मिनिटं धरून बघा. जुना रंग सुरकुतला तर त्यावर हा रंग बसणार नाही, सगळा जुना रंग काढावा लागेल.

खाली प्रायमर हवाच. लोखंडाला गंजरोधक, फायबरला इपॉक्सी, लाकडाला लाकडाचा. जस्ताच्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारला तर तो सुटतो, त्याला वेगळा प्रायमर मागा.

कायम पाण्यात राहणाऱ्या तळाला हा चकाकीचा रंग चालत नाही, फोड येतात. तिथे इपॉक्सीचे हात द्या. समुद्रातल्या बोटींचा तांब्याचा विषारी रंग आपल्याकडे लागत नाही. इथे गोडं पाणी आहे. तेच आपण पितो, त्यातलेच मासे खातो.

रोलर कसा चालवायचा?
भिंतीचा केसाळ रोलर नको, धागे चिकटतात. चार इंची बारीक फोमचा घ्या. स्वस्त फोम थिनरमध्ये विरघळतो, म्हणून आधी तासभर थिनरमध्ये बुडवून बघा.

एकाने दोन फुटांचा पट्टा वरून खाली पातळ मारायचा. दुसऱ्याने लगेच मागून कोरडा मऊ ब्रश तिरका धरून, न दाबता फिरवायचा. बुडबुडे मोडतात आणि पट्टे बसतात. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवरूनच सुरू करा. सुकायला लागलेल्या रंगावर पुन्हा हात फिरवू नका. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा.

दोन डब्यांचा रंग डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, तोही अर्धा लिटरच. उन्हाळ्यात तो भांड्यातच लवकर घट्ट होतो. हा रंग स्प्रेने घरी मारू नका. त्याचा फवारा फुफ्फुसाला घातक असतो, साध्या मास्कने अडत नाही. रोलरने मारतानाही हातमोजे घाला, जागा मोकळी ठेवा आणि जवळ बिडी पेटवू नका.

रंग किती लागेल?
लांबी 20 फूट, रुंदी 5 फूट, बाजू 2 फूट उंच असेल तर 20 गुणिले 9, म्हणजे साधारण 180 चौरस फूट. एका लिटरमध्ये 90 ते 100 चौरस फूट होतं. म्हणजे एका हाताला दोन लिटर, दोन हातांना चार.

भाराची रेघ विसरू नका
घासण्याच्या आधी बोटीचा नंबर, प्रवासी संख्या आणि भाराची रेघ मोजून वहीत लिहून घ्या, फोटो काढा. रंग झाला की त्याच जागी पुन्हा काढा. रेघ दोन बोटंही वर सरकवू नका. 15 जानेवारी 2019 ला भुषाजवळ नर्मदा पूजेला निघालेली बोट उलटली, माणसं गेली. त्या बोटीत प्रवासी जादा होते. बोट नवी दिसायला लागली म्हणून ती जास्त माणसं पेलत नाही.

शेवटचा हात दिल्यावर निदान आठवडाभर बोट पाण्यात घालू नका. पहिल्या दिवशी रिकामी बोट काठाजवळ तरंगवून तासभर बघा. आत पाणी आलं नाही, तरच माणसं बसवा.