बांधावरच्या रोव्हरचा मागोवा

बोईसरच्या परिसरात जमिनीची मोजणी कधी थांबलीच नाही. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, एमआयडीसी पसरली, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आला, आता बुलेट ट्रेनचं स्थानक येतंय. दर वेळी कुणाच्या तरी बांधावर भूकरमापक येऊन उभा राहतो. हल्ली त्याच्या हातात उंच काठी असते, काठीच्या टोकाला अँटेना आणि मध्यावर मोबाइलसारखा पडदा. हाच रोव्हर. काही सेकंदांत तो हद्दीचा बिंदू सांगतो.

त्याचा जुना पूर्वज लोखंडी साखळी. 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केलेली जमीनपाहणी पुढे मुंबई इलाखाभर गेली. आजचा पालघर तालुका तेव्हा माहीम तालुका म्हणून ओळखला जाई; तोही साखळीनेच मोजला गेला. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आपल्या गुंठ्याला हा आकार या साखळीने दिला. खाजणाच्या चिखलात ती ओढताना झोळ पडे, उन्हात लोखंड वाढे, आणि ती चूक कागदावर कायमची बसे. पुढे जागेवरच नकाशा काढायचं प्लेन टेबल आलं, मग कोन आणि अंतर मोजणारं ईटीएस यंत्र आलं, पण मोजणारा माणूस जागेवर लागायचाच.

रोव्हरची भाषा मात्र शेतात घडली नाही, ती समुद्रावर घडली. एका कंपनीचं खोली मोजणारं यंत्र आणि दुसरीचं सुकाणू सांभाळणारं यंत्र यांना एकमेकांचं कळावं म्हणून 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने एनएमईए 0183 हे मानक काढलं. त्यातली प्रत्येक माहिती म्हणजे साध्या अक्षरांची एक ओळ: सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मध्ये स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे, शेवटी तारका आणि ओळ वाटेत बिघडली का हे तपासायची दोन अक्षरं. बोईसर स्टेशनजवळ उभं राहिलं तर त्या ओळीत 19 ने सुरू होणारा आकडा दिसेल, म्हणजे 19 अंश उत्तर आणि पुढे मिनिटं. सातपाटीच्या बोटीवरचा जीपीएस आणि बांधावरचा रोव्हर आजही हीच ओळ बोलू शकतात.

माझ्या मते या सगळ्या वंशावळीत हीच पायरी सर्वांत मोठी. माणसाला वाचता येणारी ओळ छोट्याशा प्रोग्रामलाही वाचता येते, आणि हुकूमही तसाच ओळीत लिहून पाठवता येतो. नोव्हाटेलसारख्या कंपन्यांचे रिसीव्हर ‘लॉग’ आणि ‘फिक्स पोझिशन’ अशा सरळ शब्दांचे हुकूम घेतात. असे पाच-सहा हुकूम एका फाइलमध्ये ओळीने लिहिले की स्क्रिप्ट झाली: रात्री जोडणी कर, दिवसभराची नोंद उतरवून घे, उपग्रह किती दिसतात ते बघ, अडकला असेल तर पुन्हा सुरू कर. 1994 पासून रीतसर चालू झालेल्या आंतरराष्ट्रीय जीपीएस सेवेची जगभरची केंद्रं अशाच दूरच्या जोडणीवर उभी राहिली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं केंद्र त्याच जाळ्यातलं.

2004 मध्ये एनट्रिप हे मानक ठरलं आणि उपग्रहांच्या मोजमापातली चूक सुधारणारी माहिती इंटरनेटवरून वाहू लागली. वेबपान मागवण्याचीच रीत इथे वापरली आहे: नाव, पासवर्ड, कोणत्या केंद्राची माहिती हवी ते, आणि रोव्हरने पाठवलेली स्वतःच्या जागेची ती समुद्री ओळ. बदल्यात दर सेकंदाला दुरुस्ती येत राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाने भूमी अभिलेख विभागासोबत महाराष्ट्रात 77 ठिकाणी अशी कायम चालणारी कॉर्स केंद्रं उभारली. देशभरच्या जाळ्याची नियंत्रण केंद्रं देहरादून आणि बंगळूरला आहेत. छतावर बसवलेल्या रिसीव्हरला हुकूम शेकडो कोसांवरून जातो.

ही दुरुस्ती नसली तर काय होतं, ते वनहक्क दाव्यांच्या जीपीएस मोजणीत कळतं. हातातला साधा जीपीएस तीन मीटर चुकला, तर 20 गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याच्या एका बाजूनेच सव्वा गुंठ्याहून जास्त जमीन आत-बाहेर होते. एवढ्याशा वरकस जमिनीवर पोट असलेल्या वारली घराला हा फरक सोसणारा नाही. आणि पूर्वेकडच्या डोंगरपाड्यांवर मोबाइलची रेंज तुटली की इंटरनेटवरची दुरुस्तीही तुटते. तेव्हा मोजणाऱ्याने थांबायलाच हवं.

म्हणून मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा आणि रोव्हरच्या पडद्याकडे बघा. तिथे ‘फिक्स’ दिसत असेल तर चूक एक-दोन सेंटिमीटरची. ‘फ्लोट’ दिसत असेल तर ती वीतभर किंवा त्याहूनही जास्त असू शकते. बिंदू नोंदवायच्या आधी ‘फिक्स’ येईपर्यंत थांबायला सांगा, आणि नकाशासोबत बिंदूंचे अक्षांश-रेखांशही लेखी मागून घ्या.