आधी मशीन आलं, मग डॉक्टर

डीएम म्हटलं की आपल्याला इन्स्टाग्राम आठवतं. माझ्या मावसबहिणीची मात्र या दोन अक्षरांनी गेली दोन वर्षं झोप उडवली आहे. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी मेडिसिन आणि वर तीन वर्षं डीएम नेफ्रॉलॉजी. प्रवेशपरीक्षांची तयारी न धरता साडेअकरा वर्षं! तेवढ्यात आमच्या धंद्यात चार फ्रेमवर्क जन्माला येऊन मरतात. मुठीएवढ्या अवयवासाठी एवढं काय शिकायचं असतं, म्हणून मी वाचायला लागलो, तर आधी भेटलं ते मशीन.

नेदरलँड्समधलं कांपेन गाव, नाझींचा ताबा, सगळ्याचीच टंचाई. १९४३ मध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजच्या वेष्टणाची सेलोफेन नळी एका ड्रमभोवती गुंडाळली, ड्रम मिठाच्या द्रावणात फिरवला आणि नळीतून रुग्णाचं रक्त खेळवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली.

पण हे मशीन फक्त तात्पुरत्या संकटात कामाचं होतं. दर वेळी नवी रोहिणी, नवी नीला कापावी लागे. लवकरच कापायला जागाच उरत नसे. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगला.

आता ही अकरा वर्षं बघा. किडनी निकामी झालेला माणूस इतका जगतो, तेव्हा त्याचं रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं. हे सगळं मशीनला कळत नाही. ते बघणारा वेगळा डॉक्टर लागणार होता. १९६० मध्येच नेफ्रॉलॉजीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग मला तरी वाटत नाही.

भारतात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डायलिसिस झालं. ही शाखा शिकायला अनेक जण परदेशी जात. त्याच दशकाच्या अखेरीस चंदिगडच्या पीजीआयमध्ये डीएमचं शिक्षण सुरू झालं. त्यामागचं मोठं नाव डॉ. किरपाल सिंग चुघ. १९७० मध्ये इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी उभी राहिली, त्यातही ते होते.

इथेच शिकण्याचं महत्त्व मला कळलं ते चुघ यांच्या संशोधनाचे विषय पाहून. सर्पदंश. मोरचुदाची विषबाधा. गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग. हगवणीने शरीरातलं पाणी आटून बंद पडलेली लघवी. अमेरिकेत वा युरोपात शिकणाऱ्या डॉक्टरला असे रुग्ण किती दिसणार? चंदिगडच्या गटाने फुरशाच्या विषाचा किडनीवरचा परिणाम माकडांवर अभ्यासला. फुरसं म्हणजे आपल्या कोकणात कातळावर, दगडाखाली सापडणारं तेच वीतभर जनावर. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, आणि काही रुग्णांत किडनीचा बाहेरचा थरच मरतो. तो थर मेला असेल, तर नुसती वाट पाहून उपयोग नाही. नुसती सूज असेल, तर काही आठवडे डायलिसिसवर काढले की किडनी पुन्हा चालू होऊ शकते. दोन्ही रुग्ण वरून सारखेच दिसतात. फरक ओळखायला पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढावा लागतो. सुई कधी घालायची आणि रक्तस्रावाच्या भीतीने कधी थांबायचं, हे माझी ताई सध्या शिकते आहे. ती म्हणते, "सुई घालायला पटकन जमतं रे. थांबायला वेळ लागतो."

मुंबईत केईएमला हे काम डॉ. विद्या आचार्य यांनी वाढवलं. त्या देशातल्या पहिल्या महिला नेफ्रॉलॉजिस्ट मानल्या जातात, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय?

२०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशीनं पोचू लागली. चांगलंच झालं, पूर्वी त्यासाठी लोक जमिनी विकत. पण मशीन काही महिन्यांत बसतं आणि त्यामागचा डॉक्टर तयार व्हायला साडेअकरा वर्षं लागतात. बहुतेक नेफ्रॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत राहतात. गावाकडचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडला जातो, तंत्रज्ञ वजन आणि रक्तदाब लिहून घेतो. हिमोग्लोबिन का घसरतंय, हे विचारायचं तर एसटी पकडून शहर गाठावं लागतं. आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंगात एसटीत चढण्याइतकीही ताकद नसते, असं ताईचे पेशंट तिला सांगतात.