पाचट जाळू नका: ‘आरती’ संस्थेने दाखवलेला पर्याय

ऊसतोडणीनंतर फडात हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट राहते. ते पेटवल्यास हवा दूषित होते आणि सेंद्रिय कर्ब व नत्र वाया जाते. नुसत्या बंदीने हे थांबत नाही. शेतकऱ्याला परवडणारा पर्याय लागतो. तो शोधून गावात पोचवणे हे स्वयंसेवी संस्थांचे मोठे काम आहे.

पुण्याचे कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या महर्षी कर्वे यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये ‘आरती’ संस्था सुरू झाली. वाळलेले पाचट बंद पिंपात भरून भट्टीत तापवायचे आणि कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडायच्या, हे तिचे तंत्र. त्याला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला.

तुम्ही काय करावे?

• खोडवा ठेवणार असाल तर पाचट सरीत दाबा, बुडखे मोकळे ठेवा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका.

• खोडवा ठेवणार नसाल तर पाचटाची कुट्टी करून गाडा किंवा गटाने कोळसाभट्टी लावा.

• सहायक कृषी अधिकाऱ्यांनी तोडणीपूर्वीच गावात प्रात्यक्षिक घ्यावे.