घाट चढण्याआधीचं इंजेक्शन

1930 चा श्रावण. रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर तुम्ही उभे आहात आणि समोर बोट नाही. पावसाळाभर मुंबईच्या आगबोटी बंदच असतात. तुमचा थोरला भाऊ कालपासून सिव्हिलमध्ये आहे. ताप, डोकं फुटतंय, उजेड सोसत नाही, मध्येच असंबद्ध बोलतोय.

तुम्ही वॉर्डात परतता. डॉक्टर त्याचं डोकं उचलायला जातात, तर खांदेही बरोबर उठतात. मग त्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या मणक्यांमध्ये सुई घालतात. मेंदूभोवतीचं हे पाणी एरवी निवळशंख असतं. नळीत उतरतंय ते पेजेच्या निवळीसारखं गढूळ.

"डॉक्टरसाहेब, दादाला मिरजेला नेऊ का?"

साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर आणि पुढे वानलेस साहेबांनी उभारलेलं मिशन हॉस्पिटल. डॉक्टर नकारार्थी मान हलवतात. इथे नाही ते औषध मिरजेतही नाही, जगातच नाही. जंतू मेनिंगोकोकस असला तर घोड्याच्या रक्तातून काढलेल्या सीरमचा थोडाफार आधार. न्यूमोकोकस निघाला, तर जवळपास कुणीच वाचत नाही.

आता पुढे सरका. तीसच्या दशकाअखेर सल्फाच्या गोळ्या आल्या. 1942 मध्ये लंडनला फ्लेमिंगने मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणांना आलेल्या याच सुजेच्या, रुग्णाच्या मणक्यात पेनिसिलीन टोचलं आणि तो बरा झाला. 1955 पासून पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तेच औषध बनू लागलं.

1958. पाऊस तोच, खाटेवर तसाच एक तरुण. सिस्टर उकळलेली काचेची सिरिंज घेते, कुपीतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी सोडते, हलवते. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. मूत्रपिंडं पेनिसिलीन भराभर बाहेर टाकतात. चौथ्या दिवशी ताप उतरतो, पोरगा भात मागतो. "आता सुया कमी करा की," तुम्ही म्हणता. सिस्टर ऐकत नाही, आणि तिचंच बरोबर आहे. निरोगी मेंदूची आवरणं पेनिसिलीनला फारसं आत येऊ देत नाहीत. सुजलेली येऊ देतात. सूज उतरली की ती वाट पुन्हा अरुंद होते, म्हणून बरं वाटू लागलं तरी डोस उतरवायचा नसतो.

आणि आज. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 2 ग्रॅम, दर बारा तासांनी, शिरेतून. पेनिसिलीनला न जुमानणारे न्यूमोकोकस आता आहेत, म्हणून जोडीला व्हँकोमायसिन. वय पन्नासच्या पुढे असेल तर लिस्टेरिया या जंतूसाठी अँपिसिलिनही. पहिल्या डोसच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच डेक्सामेथासोन, कारण मेलेल्या जंतूंचे तुकडेही सूज वाढवतात. 2002 च्या युरोपातल्या चाचणीत या स्टेरॉइडने प्रौढांमधले मृत्यू घटले. (क्षयाचा मेनिंजायटिस वेगळा, त्याची औषधं महिनोन्‌महिने चालतात.)

तरीही नातेवाइकांची पहिली धाव अजून गाडीकडेच असते: कोल्हापूरला नेऊ, मुंबईला नेऊ, आधी स्कॅन करू. माझ्या मते घात होतो तो इथेच. उशिराचा प्रत्येक तास महाग पडतो. ताप, भयंकर डोकेदुखी, आखडलेली मान, बरळणं यांतली दोन लक्षणं जरी एकत्र दिसली, तरी जवळचं रुग्णालय गाठा. मोठ्या गावी पाठवायचं ठरलं, तर अ‍ॅम्ब्युलन्स हलण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: कल्चरसाठी रक्त घेतलंत का, आणि पहिला डोस दिलात का?