हिरड्या आणि साखर : एका वर्षाचे दोन धागे

१९९३ साली नॉर्वेत जन्मलेले दंतशास्त्रज्ञ हाराल्ड लो यांनी हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटले. ॲरिझोनातील पिमा जमातीची निरीक्षणे त्यांच्यापुढे होती. त्याच वर्षी गोखान होतामिश्लिगिल व सहकाऱ्यांनी दाखवले की, लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन वाढते आणि ते रोखल्यास इन्सुलिनचा परिणाम सुधारतो.

पुढे हे दोन धागे जुळले. सुजलेल्या हिरड्यांतील रोगप्रतिकारक पेशीही टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ स्रवतात. ही द्रव्ये रक्तात मिसळली की इन्सुलिनच्या कार्यात अडथळा येऊ शकतो. वाढलेली साखर उलट हिरड्यांचा दाह वाढवते.

आपण बारीक आहोत, हा दिलासा भारतीयांना पुरेसा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, पण २००४च्या त्यांच्या टिपणानुसार शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के होती.

लंडनमधील २०१८च्या चाचणीत हिरड्यांवर सखोल उपचार झालेल्या मधुमेहींचे एचबीए१सी वर्षअखेर तुलनागटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी भरले. म्हणून हिरड्यांतून येणारे रक्त ही केवळ दातांची तक्रार समजू नये; मधुमेहतज्ज्ञांनाही ती सांगावी.