आलेक्झांड्रियाचा अंध आचार्य

चौथ्या शतकात आलेक्झांड्रिया येथील ख्रिस्ती पाठशाळेचे आचार्यपद, बिशप अथनासियस यांच्या संमतीने, ज्या दिदिमस नामक गृहस्थाकडे आले, त्याची दृष्टी बालपणीच गेलेली होती. लाकडावर कोरलेली अक्षरे चाचपून तो लिपी शिकला आणि तर्क, व्याकरण, इतकेच नव्हे तर भूमितीही, जिथे डोळसही गांगरतात, त्याने श्रवण व स्मरण यांच्या बळावर आत्मसात केली.

न दिसणाऱ्या गोष्टींविषयीची खात्री म्हणजे श्रद्धा, ही जी ख्रिस्ती धारणा, तिचा मूर्तिमंत दाखला म्हणून समकालीनांनी त्याच्याकडे पाहावे, यात नवल नाही. अरण्यवासी तपस्वी अंतोनी याने त्याची समजूत घातली, ती अशी की, माश्या-मुंग्यांनाही असणाऱ्या नेत्रांसाठी शोक न करता संतांना लाभणाऱ्या दृष्टीत त्याने आनंद मानावा. मात्र दिदिमसचा शिष्य जेरोम याने नोंदवलेला तपशील मला अधिक मोलाचा वाटतो: अंधत्वाचे दुःख होते काय, असे अंतोनीने पुनःपुन्हा विचारले असता, दिदिमस आधी संकोचाने गप्प राहिला आणि अखेर होते, असे त्याने कबूल केले. उपदेशकांच्या तोंडी मात्र सांत्वनच अधिक राहिले.

पुढे ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनच्या मतांचा पुरस्कर्ता म्हणून सहाव्या शतकात त्याचा निषेध झाला व त्याचे बहुतेक ग्रंथ लुप्त झाले. 1941 साली कैरोजवळील तुरा येथे, दारूगोळा साठवण्यासाठी जुन्या खाणी साफ करताना, त्याच्या भाष्यांचे पपायरस हाती लागले.